नागपूरचे ऊन, ई-२० पेट्रोल आणि सीटखालची डबी

एप्रिल लागला की नागपुरातल्या मोटरसायकलवाल्यांच्या दोन तक्रारी सुरू होतात: दुपारी गाडी ओढत नाही, आणि सिग्नलला उभे राहिले की पाय भाजतात. अलीकडे त्यांत तिसरी भर पडली आहे, ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलने अ‍ॅव्हरेज खाल्ल्याची. तिन्हींवर एकच उतारा सुचवला जातो. सीटखाली मावेल अशी एक इलेक्ट्रॉनिक डबी घ्यायची, इंजेक्टरच्या आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरींमध्ये तिचे कपलर बसवायचे, की काम झाले. कारण असे सांगतात की प्रदूषणाचे नियम पाळण्यासाठी कंपनीने गाडी ‘लीन’ ठेवलेली असते, म्हणजे हवेच्या मानाने तिला पेट्रोल कमी मिळते; ते थोडे वाढवले की इंजिन मोकळे होते, थंड राहते आणि पिकअप सुधारतो. या सांगण्यात सत्याचा अंश आहे. पण ज्या तक्रारींसाठी डबी विकत घेतली जाते, त्यांना तो अंश फारसा लागू पडत नाही. डबी पेट्रोल कमी-जास्त करू शकते, हवा वाढवू शकत नाही. आणि उन्हाळ्यातल्या नागपुरात कमी पडते ती हवाच. त्यामुळे कारखान्यातून आली तशीच असलेल्या गाडीला या डबीची बहुधा गरज नसते, आणि ज्या गाडीला खरोखर गरज असते तिथे डबीपेक्षा मोजमाप महत्त्वाचे ठरते. हे पटण्यासाठी इंजिनाचा हिशेब जरा खोलात जाऊन पाहावा लागतो.

पेट्रोल जाळायला हवा लागते, आणि किती पेट्रोलला किती हवा हे रसायनशास्त्राने ठरवलेले आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला साधारण १४.७ ग्रॅम हवा मिळाली तर पेट्रोलही पूर्ण जळते आणि ऑक्सिजनही उरत नाही. आता हवा मोजू. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर आहे. पौष महिन्यातल्या पहाटे १० अंश तापमान असताना इथल्या एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२० ग्रॅम भरते, आणि मे महिन्यात ४५ अंशांना तीच एक लिटर हवा सुमारे १.०७ ग्रॅमची होते. सिलिंडरची जागा तेवढीच, पण त्यात शिरणारा ऑक्सिजन अकरा टक्क्यांनी कमी. इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते. दुपारी गाडी ओढत नाही ही तक्रार अशी खरीच आहे, भास नाही. फक्त तिचे मूळ पेट्रोलच्या तुटवड्यात नाही. ऑक्सिजन अकरा टक्के कमी असताना जास्तीचे पेट्रोल ओतले तर ते जळायला काही उरत नाही. ते अर्धवट जळून सायलेन्सरमधून बाहेर पडते.

२०० सीसीच्या इंजिनात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर एका वेळेला साधारण पंधरा मिलिग्रॅम पेट्रोल लागते. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर हे काम सेकंदाला पन्नास वेळा होते, म्हणजे एका आवर्तनाला वीस मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातले काही मिलिसेकंद इंजेक्टर उघडा राहतो. इंजेक्टर हा वीजप्रवाहाने उघडणारा झडपेचा छोटा नळ आहे. त्याच्या मागे पंपाने ठरावीक दाब धरून ठेवलेला असतो, त्यामुळे किती वेळ उघडा राहिला यावरच किती पेट्रोल गेले ते ठरते. हा वेळ ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, ठरवतो. थ्रॉटल किती उघडला आहे, आत ओढलेल्या हवेचा दाब आणि तापमान किती, इंजिन किती तापले आहे, क्रँक किती वेगाने फिरतो आहे, हे सगळे तो सेन्सरांकडून विचारतो आणि कंपनीने आत साठवलेल्या तक्त्यातून, म्हणजे मॅपमधून, उत्तर काढतो. हवेचे तापमान वाढले की इंजेक्टरचा वेळ तो आपसूक कमी करतो. नागपूरहून चिखलदऱ्याला गेलात तर हवेचा दाब जवळपास नऊ टक्के उतरतो. तेही त्याच्या हिशेबात येते.

कार्बोरेटरला हे जमत नसे. त्यात हवेच्या ओढीने पेट्रोल जेटमधून वर येते, आणि भौतिकशास्त्राचा नियम असा की हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या मानाने कमी होत नाही. अकरा टक्के विरळ हवेत कार्बोरेटरचे मिश्रण सहा टक्क्यांच्या आसपास ‘रिच’ होते. नागपूरच्या उन्हाळ्यात जुन्या गाड्या लीन होत नसत, रिच होत. ‘गरमीत गाडी लीन चालते’ ही समजूत ना कार्बोरेटरला लागू होती, ना इंजेक्शनला आहे. भारतीय बाजारात इंजेक्शन आले तेव्हाही त्याचे सहज स्वागत झाले नव्हते. हिरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमर एफआय आणली, बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली, आणि २००९ मध्ये बजाजने त्याच पल्सर २२० ला पुन्हा कार्बोरेटर बसवला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि मग मात्र बहुतेक दुचाकींचे इंजेक्शनशिवाय भागेना. गल्लीतल्या मेकॅनिकच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर निरुपयोगी झाला, आणि गाडीच्या पोटात काय चालले आहे हे त्याला दिसेनासे झाले. डबीचा बाजार या अंधारावर उभा आहे. मेकॅनिकला पुन्हा काहीतरी फिरवायला मिळाले. त्याची ही गरज खोटी नाही, म्हणून डबी आत काय करते हे नीट पाहायला हवे.

त्यासाठी ऑक्सिजन सेन्सरचे काम समजले पाहिजे. हा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसवलेला असतो आणि जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन उरला आहे का, हे सांगतो. मोटरसायकलींवर असतो त्या प्रकारचा सेन्सर आकडा देत नाही. मिश्रण रिच असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ व्होल्ट, एवढेच बोलतो. सेन्सर रिच म्हणाला की ईसीयू पेट्रोल किंचित कमी करतो, लीन म्हणाला की किंचित वाढवतो, आणि असा सेकंदाला काही वेळा हेलकावे खात मिश्रण बरोबर १४.७ च्या त्या रासायनिक बिंदूवर ठेवतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. सीताबर्डीतून धंतोलीकडे किंवा सदरमधून कामठी रोडला जाताना आपण बहुतांश वेळ याच अवस्थेत असतो: हलका अ‍ॅक्सिलरेटर, मध्यम वेग, स्थिर चाल. जोरात अ‍ॅक्सिलरेटर पिळला, किंवा इंजिन अजून थंड असले, की ईसीयू सेन्सरला विचारणे थांबवतो आणि फक्त मॅपवर चालतो. ही ओपन लूप. पूर्ण ताकदीच्या वेळी कंपनीचा मॅप मुद्दाम रिच, १३ च्या आसपास, ठेवलेला असतो, कारण सर्वाधिक ताकद तिथेच मिळते आणि जास्तीचे पेट्रोल सिलिंडर थोडे थंडही ठेवते. ‘कंपनी गाडी लीन ठेवते’ हे वाक्य इथेच अडखळते. हलक्या अ‍ॅक्सिलरेटरला कंपनी गाडी रासायनिक बिंदूवर ठेवते, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला रिच ठेवते.

या रासायनिक बिंदूचा आग्रह कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी आहे. सायलेन्सरच्या आत पॅलेडियम-ऱ्होडियमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप दिलेली ही जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा निकाल एकाच वेळी लावते, पण मिश्रण त्या अरुंद पट्ट्यात असेल तरच. मिश्रण रिच झाले की पहिल्या दोघांची विल्हेवाट थांबते. बीएस-६ मध्ये मोटरसायकलीला किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.१ ग्रॅम आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ०.०६ ग्रॅम एवढीच परवानगी आहे. ते गाठणे ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर या जोडीची कामगिरी आहे.

आता डबीकडे येऊ. बाजारात तीन जातींच्या गोष्टी मिळतात आणि त्यांना एकाच नावाने हाक मारण्याने गोंधळ वाढतो. पहिली जात ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसते. ईसीयूने दिलेला वेळ ती ताणते किंवा आखूड करते. पुण्याच्या ऑटोलॉग डिझाइनचे फ्यूलएक्स, बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक, अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर ही या जातीतली नावे. पॉवरट्रॉनिकसारखी काही साधने स्पार्क कधी पडावा हेही बदलतात. दुसरी जात सेन्सरला खोटे बोलायला लावते: हवेच्या तापमानाच्या सेन्सरला असा रोधक जोडायचा की बाहेर ४५ अंश असले तरी ईसीयूला पंचवीस वाटावेत, म्हणजे हवा दाट समजून तो पेट्रोल वाढवील, किंवा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे नकली संकेत देणारा तुकडा बसवायचा. तिसरा मार्ग ईसीयूमधला मॅपच नव्याने लिहिण्याचा, ज्याला रीमॅप म्हणतात.

क्लोज्ड लूपमध्ये पहिल्या जातीच्या डबीचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. डबीने इंजेक्टरचा वेळ आठ टक्के वाढवला. ऑक्सिजन सेन्सरने लगेच ‘रिच’ म्हटले. ईसीयूने आठ टक्के कापले. पाचशे मीटर जाईपर्यंत हिशेब होता तिथे आला. शिवाय ही कपात ईसीयू स्मरणात ठेवतो, आणि पुष्कळ गाड्यांत ती स्मरणातली दुरुस्ती ओपन लूपमध्येही वापरली जाते. म्हणून मग डबी बनवणाऱ्यांना ऑक्सिजन सेन्सरची वायरही हातात घ्यावी लागते: सेन्सरचे म्हणणे बदलून ईसीयूपर्यंत पोचवायचे, म्हणजे तो कापणार नाही. चांगल्या साधनात हे विचारपूर्वक, मर्यादेत केलेले असते. स्वस्त तुकड्यात ते आंधळेपणाने होते, आणि गाडीचा एकमेव साक्षीदार गप्प केला जातो. चुकीच्या सेन्सरवर संगणकाने विश्वास ठेवला तर काय होते हे नागपूरने मे २०२४ च्या अखेरीस पाहिले आहे. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान ५६ अंश सेल्सियस नोंदवले, देशभर बातमी झाली, आणि तपासणीनंतर हवामान विभागाला सांगावे लागले की सेन्सरमध्ये दोष होता. तिथे शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहता आले. मोटरसायकलच्या ईसीयूला ताडून पाहायला दुसरे केंद्र नसते.

पाय भाजण्याची तक्रार याच गणिताने उलगडते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंख्या (फिन्स) समजा दीडशे अंशांवर आहेत. बाहेर २० अंश असतील तर फरक १३० अंशांचा, आणि ४५ असतील तर १०५ चा. उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता या फरकावर अवलंबून असते. ती सरळ एक-पंचमांशाने घटली. त्यात सिग्नलला वारा नाही, आणि बीएस-६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाच्या जवळ, पायांच्या पातळीवर आला आहे. शेकडो अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही. मिश्रण रिच केल्याने सायलेन्सरमधल्या वायूचे तापमान काही प्रमाणात उतरते हे खरे आहे. पण सिग्नलला उभी असताना गाडी आयडलवर, क्लोज्ड लूपमध्ये असते, आणि त्या वेळी जळणारे एकूण पेट्रोलच इतके थोडे असते की पायाला लागणारी झळ तेवढ्याने बदलत नाही. उलट न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळू लागले तर तो अधिक तापतो, आणि मिसिंग मारणाऱ्या गाडीत वितळूही शकतो. एक बारकावा इथे मान्य करायला हवा. थ्रॉटल बॉडीवर बसवलेला तापमानाचा सेन्सर वाहतुकीत इंजिनाच्या धगीने तापतो आणि आत येणारी हवा आहे त्याहून गरम असल्याचे सांगतो. त्या वेळी मॅपचे उत्तर किंचित लीन येते. आयडलला ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो, पण सिग्नल सुटताच जोरात निघाले तर पहिले काही क्षण गाडी अडखळल्यासारखी वाटू शकते.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप अनुभवाचा असतो. डबी लावलेले हजारो लोक सांगतात की गाडी मऊ झाली, कमी वेगात धक्के देत नाही, पिकअप सुटला. या सगळ्यांना भ्रम झाला असे म्हणणे उद्धटपणाचे आणि चुकीचेही होईल. रासायनिक बिंदूपेक्षा थोडे रिच मिश्रण जलद जळते, आणि एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात कमी फेऱ्यांवर हा फरक हाताला जाणवतो. थ्रॉटल किंचित उघडताना आणि बंद करताना येणारा झटका रिच मिश्रणाने सौम्य होतो. हा लाभ खरा आहे, आणि त्याची किंमतही खरी आहे. हलक्या अ‍ॅक्सिलरेटरला मिश्रण १४.७ वरून १३.२ वर आणले तर त्याच हवेला अकरा टक्के जास्त पेट्रोल लागते. महिन्याला तीस लिटर टाकणाऱ्याचे तीन लिटर वाढतात, कार्बन मोनॉक्साइड कित्येक पटींनी वाढतो, आणि अतिरिक्त पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइल पातळ करते. अ‍ॅव्हरेज घटल्याची तक्रार घेऊन आलेल्याला हा उपाय सुचवला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. मऊ चालीसाठी पैसे मोजायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण काय विकत घेत आहोत ते त्याला सांगितले गेले पाहिजे.

दुसरा आक्षेप ई-२० चा, आणि तो अधिक वजनदार आहे. इथेनॉलचा आग्रह तर नागपूरच्याच खासदारांनी, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी, देशभर धरला. २०१४ मध्ये स्कॅनियाची इथेनॉलवर चालणारी बस याच शहरात धावू लागली. जुलै २०१९ मध्ये टीव्हीएसची अपाचे आरटीआर २०० एफआय ई१०० ही शुद्ध इथेनॉलवर चालणारी मोटरसायकल गडकरींच्या हस्ते बाजारात आली. ती इंजेक्शनवाली होती हे लक्षात घेण्यासारखे आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच्या एका ग्रॅमला नऊ ग्रॅमच हवा लागते. ई-१० साठी हे प्रमाण १४.१ च्या आसपास येते, ई-२० साठी १३.५ च्या. म्हणजे ई-१० धरून बेतलेल्या इंजेक्शनच्या गाडीत ई-२० टाकले तर तिचे मिश्रण सुमारे चार टक्के लीन होते. इथे ‘गाडी लीन चालते’ हे वाक्य प्रथमच खरे ठरते.

पण चार टक्केच. क्लोज्ड लूपमधल्या ईसीयूला दुरुस्तीसाठी दिलेला वाव याहून कितीतरी मोठा असतो, आणि ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हा फरक स्वतःच भरून काढते. ओपन लूपमध्ये, म्हणजे वर्धा रोडला किंवा जबलपूरच्या महामार्गाला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर, जुन्या मॅपची गाडी चार टक्के कमी रिच चालते: १३ ऐवजी साधारण १३.५ म्हणा. बव्हंशी इंजिने हे सहन करतात, कारण ई-२० चा ऑक्टेन जास्त असतो आणि इथेनॉल वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेते, त्यामुळे इंजिनात ठोके (नॉकिंग) पडण्याची शक्यता उलट कमी होते. अ‍ॅव्हरेज घटते ते वेगळ्याच कारणाने. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच ई-० साठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या दुचाकींचे ई-२० वर तीन ते चार टक्के अ‍ॅव्हरेज घटेल असा अंदाज दिलेला आहे. ही ऊर्जा पेट्रोलमध्ये नाहीच. डबी ती कुठून आणणार? आणि ई-२० ची खरी भीती जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, सील, पंप यांच्याबद्दल, तसेच पाणी शोषून घेण्याच्या इथेनॉलच्या सवयीबद्दल आहे. तिथे इंजेक्टरचा वेळ बदलणाऱ्या साधनाचा काही संबंध येत नाही. ज्या इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर नाही, तिला चार टक्क्यांची दुरुस्ती उपयोगी पडेल. मात्र ती चारच टक्क्यांची असली पाहिजे. पंधरा टक्क्यांचा तयार मॅप टाकून दिला तर ई-२० ने केलेल्या चुकीच्या जवळपास तिप्पट चूक उलट्या दिशेने होते.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: ज्याने एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलला आहे त्याला डबी हवी. हवा आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी झाली की प्रत्येक वेगाला सिलिंडर किती भरतो हे बदलते, आणि कंपनीच्या मॅपमधले आकडे चुकीचे ठरतात. सगळीकडे सारखे चुकत नाहीत, हे महत्त्वाचे. चार हजार फेऱ्यांवर पाच टक्के लीन, सहा हजारांवर बरोबर, आठ हजारांवर दहा टक्के लीन असे काहीही होऊ शकते. पूर्ण ताकदीला लीन मिश्रण, वर नागपूरची ४५ अंशांची हवा, म्हणजे ठोके, आणि ठोक्यांनी पिस्टनचा माथा खाल्ला जातो. इथे दुरुस्ती करणे हा छंद राहत नाही, इंजिन वाचवण्याचा प्रश्न होतो. पण ती करण्यासाठी आधी पाहावे लागते. त्याचे साधन म्हणजे वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. तो रिच-लीन एवढेच न सांगता १२.८ की १४.१ असा आकडा देतो. गाडी डायनोवर, म्हणजे चाकाची ताकद मोजणाऱ्या रोलरवर चढवायची, एकेका थ्रॉटलला एकेका वेगाला धरायची, आकडा वाचायचा, मॅपमधला तेवढाच चौकोन दुरुस्त करायचा आणि पुढच्या चौकोनाकडे जायचे. असे शंभराहून अधिक चौकोन असू शकतात. स्पार्कची वेळ बदलायची असेल तर याहून सावध राहावे लागते, कारण एक-दोन अंश पुढे नेल्याने ताकद वाढते आणि आणखी दोन अंशांनी इंजिन ठोकू लागते. हे तापमान मोजून, शक्यतो ज्या ऋतूत गाडी चालणार त्या ऋतूत, करण्याचे काम आहे. प्रोग्रॅम करता येणारी साधने याच कामासाठी बनलेली आहेत, आणि त्यासाठी ती उत्तम आहेत. मोबाइलवरून ‘स्टेज टू’ नावाचा मॅप निवडून टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचे, दुसऱ्या शहरातल्या हवेचे उत्तर आपल्या गाडीला लावणे होय.

याच बदलाची विकृत बाजू नागपूरकरांना रात्री ऐकू येते. बुलेटचे ‘फटाके’ म्हणतात ते अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये पेट्रोल जाळूनच निघतात. काही मॅप ते मुद्दाम घडवतात. वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले तरी आत लिहिलेला मॅप रोलरखाली येत नाही.

कायदा काय म्हणतो, हा प्रश्न डबी विकताना क्वचित निघतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडक अर्थाने वाचले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. यावर ‘पीयूसी तर मिळते’ असे उत्तर येते. मिळते, कारण दुचाकीची पीयूसी आयडलवर तपासतात, आणि डबीने वाढवलेले पेट्रोल आयडलच्या पलीकडे जळते. तपासणीतली ही भोके म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे. ‘परदेशात तर सर्रास चालते’ हेही पुरते खरे नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने आपल्याच ‘सुपर ट्यूनर’ साधनांबद्दल अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेशी तडजोड केली, १.२ कोटी डॉलरचा दंड मान्य केला आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ती साधने विकणे थांबवले. २००८ पासून अशी सुमारे ३,४०,००० साधने विकली गेली होती. एका गाडीने हवेचे काय बिघडते, हा प्रश्न त्या आकड्यापुढे टिकत नाही. नागपुरातही रस्त्यावर सर्वांत मोठी संख्या दुचाकींचीच आहे, आणि त्यांच्या मागे सिग्नलला उभा राहणारा श्वास घेतच असतो.

शर्यतीच्या ट्रॅकवरच्या गाडीला यातले पुष्कळसे लागू नाही. रोज महालातून हिंगण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या गाडीचे मात्र सगळे लागू आहे, आणि तिच्या तक्रारीची खरी कारणे बहुधा साधी निघतात. सिमेंट रस्त्यांच्या आणि सततच्या खोदकामाच्या धुळीने एअर फिल्टर कोंडतो. थ्रॉटल बॉडीत काळा थर साचतो आणि आयडल डळमळतो. व्हॉल्व्ह क्लिअरन्स वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो. ऑक्सिजन सेन्सर काजळून आळशी होतो आणि ईसीयू चुकीच्या साक्षीवर पेट्रोल वाढवत राहतो. अ‍ॅव्हरेज घटल्याचे खापर मग ई-२० वर फुटते. हे तपासायला निदान-यंत्र जोडून ईसीयूची दीर्घकालीन दुरुस्ती किती टक्के आहे ते वाचावे. ती शून्याच्या आसपास असेल तर मिश्रणाची चिंता सोडावी. मोठी असेल तर आधी दोष शोधावा. त्यावर डबी बसवली तर दोष झाकला जातो.

ओपन लूपमधल्या त्या चार टक्क्यांचा प्रश्न तरीही उरतो, आणि तो गाडीमालकाने पदरचे पैसे घालून सीटखाली सोडवावा हे न्याय्य नाही. बहुतेक पंपांवर दुसरा पर्याय न ठेवता ई-२० दिले जाते. मग ई-१० धरून बनवलेल्या इंजेक्शनच्या प्रत्येक मॉडेलसाठी ई-२० चा सुधारित मॅप तयार करणे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी तो फुकट टाकून देणे हे कंपन्यांचे काम आहे, आणि तसे करायला लावणे सरकारचे. ईसीयूचे सॉफ्टवेअर निदान-यंत्रातून बदलता येते. त्या मॉडेलच्या इंजिनाचे डायनोवरचे आकडे, कन्व्हर्टरच्या मर्यादा, ठोके कुठे सुरू होतात याच्या नोंदी, हे सगळे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही.